माणशी अर्धा एकर पाणी

१९७२चा दुष्काळ म्हटलं की घरातल्या आजीला अजून सुकडी आणि मिलो ज्वारी आठवते. त्याच दुष्काळात पुण्याचे इंजिनिअर-कारखानदार विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात फिरत होते. दुष्काळी कामांवर माणसं खडी फोडताना दिसली. खडी फोडून पुढचा दुष्काळ कसा टळणार, हा प्रश्न त्यांना सोडेना.

मग नायगावात देवस्थानची ४० एकर उजाड जमीन त्यांनी भाडेपट्ट्यानं घेतली. पत्नी कल्पनाताई सोबत होत्याच. उतारावर बांध घातले, पाझर तलाव केला, खाली विहीर खणली. माळरान पिकायला लागलं, तसे आसपासचे शेतकरी विचारायला येऊ लागले.

त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. नियम साधे, पण कडक. पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या हिशोबानं: माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस लावायचा नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा शेतकऱ्यांनीच भरायचा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क विकता येत नाही. आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा!

हा शेवटचा नियम आजही भल्याभल्यांना पचत नाही. २००२ साली विलासराव गेले. आपल्या परभणीत जायकवाडीचा कालवा आहे, बोअर आहेत, शेततळी आहेत. पण ज्याला शेतच नाही, त्याचं पाणी कुठंय? पुढच्या ग्रामसभेला गेलात, तर एवढं नक्की विचारा.