एकट्याचा आवाज : बॉबी तल्यारखान

क्रिकेटचा सामना मैदानावर बावीस खेळाडू खेळतात. पण मैदानाबाहेर बसलेल्या हजारोंसाठी तो एकच माणूस खेळत असतो. तो म्हणजे समालोचक! खेळाडूंची चरित्रे आपल्याकडे पुष्कळ आहेत. समालोचकाचे शब्द मात्र बोलता बोलता हवेत विरतात आणि त्यांच्याबरोबर त्याचे नावही. म्हणूनच या अंकासाठी मी भारतातील पहिले क्रिकेट समालोचक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बॉबी तल्यारखान यांचे चरित्र निवडले.

ए. एफ. एस. तल्यारखान यांचा जन्म १८९७ साली पारशी कुटुंबात झाला. मुंबई ही त्यांची कर्मभूमी व क्रीडापत्रकारिता हा त्यांचा व्यवसाय. डिसेंबर १९३३ मध्ये मुंबई जिमखान्याच्या मैदानावर भारतभूमीवरील पहिला कसोटी सामना झाला. त्यात लाला अमरनाथ यांनी शतक ठोकले आणि मुंबई क्रिकेटवेडी झाली. पुढच्याच वर्षी, चार वर्षे बंद पडलेले चौरंगी सामने पुन्हा सुरू झाले. हिंदू, मुस्लिम, पारशी व युरोपियन असे चार संघ त्यात खेळत. १९३४ च्या या स्पर्धेतील पारशी विरुद्ध मुस्लिम सामन्याच्या वेळी तल्यारखान ध्वनिक्षेपकासमोर बसले आणि चेंडूगणिक बोलू लागले. 'ऑल इंडिया रेडिओ' हे नावसुद्धा तेव्हा जन्मले नव्हते. ते १९३६ साली आले. समोर कोणाचा कित्ता नाही, शिकवणारा कोणी नाही. अशा वेळी त्यांनी ही वाट पाडली.

१९३७ साली ब्रेबॉर्न स्टेडियम उभे राहिले. आपली विरारची गाडी चर्चगेटला थांबते, तिथून ते हाकेच्या अंतरावर आहे. त्याच वर्षी 'द रेस्ट' हा पाचवा संघ आला व स्पर्धा पंचरंगी झाली. भारतीय ख्रिस्ती खेळाडू या संघातून खेळत, हे आपल्या वसईच्या वाचकांना मुद्दाम सांगावेसे वाटते. सांगलीचे विजय हजारे त्यांपैकीच. १९४३-४४ च्या अंतिम सामन्यात रेस्ट संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. त्यांचे बंधू विवेक यांनी ३०० धावांच्या भागीदारीत केवळ २१ धावा करून दुसरे टोक सांभाळले. विचार करा, न पाहणाऱ्याला असा डाव दाखवायचा कसा? ३०९ हा आकडा धावफलकही सांगतो. पण त्या २१ धावांमागचा धीर सांगायला माणूसच लागतो!

तल्यारखानांचा आवाज भारदस्त होता, किश्श्यांचा साठा अपार होता; पण त्यांचे खरे सामर्थ्य दमात होते. उपाहार आणि चहापान सोडले तर दिवसभर ते एकटेच बोलत. चेंडू टाकला जातो, फटका बसतो, सारे काही क्षणांत आटोपते. मग गोलंदाज परत वळून चालू लागतो. त्या रिकाम्या वेळात श्रोत्याला धरून ठेवणे, हीच समालोचकाची परीक्षा.

ही परीक्षा मला आमच्या घरात रोज कळते. माझ्या आजोबांची दृष्टी काचबिंदूने गेली आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. तेव्हा टीव्हीवरचा सामना समजावून सांगण्याचे काम माझ्याकडे आले. टीव्हीचा समालोचक चित्रावर विसंबून असतो. फटक्याचे कौतुक करतो आणि गप्प बसतो. आजोबा मात्र विचारतात, चेंडू कोणत्या बाजूला गेला, अडवायला कोण धावला, आता किती धावा उरल्या? या तीन प्रश्नांची उत्तरे जो न विचारता देतो, तो समालोचक, असे मला वाटते.

तल्यारखानांच्या स्वभावात मोठा अहंकारही होता. ध्वनिक्षेपकात वाटेकरी त्यांना मुळीच मान्य नव्हता. १९४८-४९ साली वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला, तेव्हा रेडिओने तीन समालोचकांची पद्धत आणली आणि तल्यारखान बाजूला झाले. पुढे ते मुख्यतः लेखणीकडे वळले. त्यांच्या इंग्रजी सदरात लेखाच्या शेवटी स्टीव्ह नावाच्या कोणा मित्राला केलेला प्रश्न हटकून असे. १९९० साली, नव्वदी ओलांडून ते निवर्तले.

त्या भांडणात बरोबर कोण होते? एकच आवाज दिवसभर कानी पडला की तो घरचा होतो, सामन्याचा धागा तुटत नाही. हे तल्यारखानांना नीट उमगले होते. तरीही मला रेडिओचाच निर्णय योग्य वाटतो. ते इंग्रजीतून बोलत. ध्वनिक्षेपक एकाच्याच मालकीचा राहिला असता, तर शेतात राबणाऱ्या माझ्या आजोबांच्या वाट्याला त्यातले काय आले असते? पुढे महाराष्ट्राकडून रणजी सामने खेळलेले बाळ ज. पंडित आकाशवाणीवर मराठीतून बोलू लागले, तेव्हाच आमच्या बांधावरच्या ट्रान्झिस्टरला क्रिकेट समजले. पंडित २०१५ साली गेले. आजोबा त्यांचे नाव आजही आदराने घेतात. वाट पाडणाऱ्याचे ऋण मोठे खरे, पण वाट सर्वांची असते.

भातकापणी झाली की आपल्या वसई-विरारच्या मोकळ्या शेतांत टेनिस चेंडूच्या स्पर्धा सुरू होतात. आपल्या कॉलेजातले कितीतरी मित्र तिथे माइक हाती घेतात. देणगीदारांची नावे वाचता वाचता मधल्या मध्ये दोन गडी बाद होऊन जातात! मित्रहो, नावे जरूर वाचा. पण गर्दीच्या मागे कोणी तरी उभा असतो, त्याला खेळपट्टी दिसत नाही. आधी त्याला चेंडू कुठे गेला ते सांगा.