चेंडू चालला, पण चहा बाहेर : पळवणकर बाळू

पेण असो की रोहा, भातकापणी उरकली की रिकाम्या शेतात क्रिकेटचे सामने सुरू होतात. आपली मुलंही दिवसभर तिथेच. या मुलांना खेळाडूंची नावं तोंडपाठ असतात, पण पळवणकर बाळू हे नाव क्वचितच कुणाला माहीत असतं.

बाळूंचा जन्म १८७६ च्या सुमारास धारवाडचा. चर्मकार समाजातलं, गरीब घर. वडील लष्करात नोकरीला. पुण्यात पारशांच्या एका क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडणं, रोलर फिरवणं हे बाळूंचं काम, पगार महिना ३ रुपये. पुढे ते इंग्रजांच्या पूना क्लबात गेले. तिथे साहेबांना सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकायचे. बॅट मात्र त्यांच्या हाती कुणी फारशी दिली नाही. त्या मेहनतीतूनच डावखुऱ्या फिरकीचा हुनर तयार झाला.

इंग्रजांना हरवायचं तर बाळू हवेतच, हे पुण्यातल्या हिंदू क्लबाला पटलं आणि बराच वाद होऊन त्यांना संघात घेतलं. मैदानात त्यांनी टाकलेला चेंडू सगळे झेलायचे. पण चहाच्या वेळी ते पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात चहा पीत. जेवणही वेगळं.

पुढे ते मुंबईत आले. १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. १९११ मध्ये पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्यात हिंदू, पारशी आणि मुसलमान खेळाडू एकत्र होते. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले.

एवढं करूनही हिंदू संघाचं कप्तानपद त्यांना कधीच मिळालं नाही. १९२० मध्ये या अन्यायाविरुद्ध त्यांच्या भावांनी जाहीर नाराजी दाखवून संघातून माघार घेतली. अखेर १९२३ मध्ये धाकटे भाऊ विठ्ठल कप्तान झाले. बाळूंना जे नाकारलं, ते घरात आलं, पण उशिरा.

नंतर बाळू राजकारणात आले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत ते डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. १९५५ मध्ये त्यांचं निधन झालं.

नमाजच्या सफेत आपण खांद्याला खांदा लावून उभे राहतो. पण सलाम फेरून मशिदीबाहेर पडलो की रिश्ता ठरवताना बिरादरी विचारतो, दस्तरखानावर कोण कुठे बसेल तेही बघतो. म्हणून बाळूंची गोष्ट फक्त दुसऱ्यांची चूक म्हणून वाचू नका. आज संध्याकाळी मूल मैदानातून घरी आलं की त्याला ही गोष्ट सांगा. आणि त्याच्यासोबत खेळणारा मित्र कुणाचाही असो, त्याला आत बोलवा, आपल्याच कपात चहा द्या.