ऑर्वेल आणि पाहणारा पडदा

जॉर्ज ऑर्वेल या टोपणनावाने जगाला परिचित असलेले एरिक आर्थर ब्लेअर यांचा जन्म २५ जून १९०३ रोजी बिहारमधील मोतीहारी येथे झाला. वडील सरकारी अफू खात्यात नोकरीस होते. बालवयातच आई त्यांना इंग्लंडला घेऊन गेली. ईटन येथील शिक्षणानंतर १९२२ मध्ये ते ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी झाले. परंतु साम्राज्याची चाकरी मनाला डाचू लागली आणि पाच वर्षांनी त्यांनी ती सोडली.

पुढे स्पेनच्या यादवी युद्धात ते लढले. गोळी गळ्यातून आरपार गेली, तरी वाचले. न झालेल्या लढायांची वर्णने वृत्तपत्रे बिनदिक्कत छापतात, हे त्यांनी तेथेच अनुभवले.

दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४३ या काळात, हा सत्याचा आग्रही लेखक स्वतःच प्रचारयंत्रणेत दाखल झाला. बीबीसीच्या पूर्व विभागातून हिंदुस्थानसाठी ते कार्यक्रम सिद्ध करीत. त्यांनी इंग्रजीत लिहिलेली युद्धवार्तापत्रे मराठीसह अन्य भारतीय भाषांत प्रसारित होत. मराठी लेखिका वेणू चितळे त्यांच्या सहकारी होत्या. प्रत्येक संहिता सेन्सॉरच्या नजरेखालून जाई. फॅसिझमचा पराभव त्यांना हवाच होता. तरीही आपण करतो तो प्रचारच आहे, याचे भान त्यांनी सुटू दिले नाही. ऐकणारे फार थोडे आहेत, अशी खात्री पटल्यावर त्यांनी राजीनामा दिला.

क्षयाने जर्जर झालेल्या अवस्थेत, जुरा बेटावर त्यांनी ‘नाइन्टीन एटी-फोर’ पूर्ण केली. कादंबरीचा नायक विन्स्टन स्मिथ हा सत्य मंत्रालयात जुनी वृत्तपत्रे सत्तेच्या सोयीने बदलणारा कारकून आहे. त्याच्या घरातील पडदा बोलतो आणि त्याच्यावर नजरही ठेवतो. तो बंद करण्याची मुभा त्याला नाही. ८ जून १९४९ रोजी कादंबरी प्रसिद्ध झाली आणि २१ जानेवारी १९५० रोजी, वयाच्या ४६व्या वर्षी, ऑर्वेल निवर्तले.

१२ डिसेंबर १९५४ रोजी बीबीसीनेच ही कथा दूरचित्रवाणीवर आणली. प्रेक्षक हादरले, पार्लमेंटपर्यंत वाद पोहोचला. पडद्याची भीती पडद्यावरूनच दाखवण्याची ही परंपरा पुढे ‘ब्लॅक मिरर’सारख्या मालिकांनी चालवली.

आज पणजीतल्या असो वा ग्वाल्हेरच्या दाना ओलीतल्या, मराठी घराघरांत तसा पडदा आहे. तो कोणत्याही सरकारने लादलेला नाही. आपणच पैसे मोजून आणलेला आहे. विन्स्टनला तो बंद करता येत नव्हता. आपल्याला येतो, तरीही रात्री तो उशाशी जागाच असतो.