तुरीच्या 'मर' रोगाचा माग काढणारा डॉक्टर : सर एडविन बटलर

बुलडाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग लोकांच्या बोलण्यात रूढ आहेत. चिखली-मेहकरच्या पठारावर काय किंवा मलकापूर-नांदुऱ्याच्या पूर्णाकाठच्या काळ्या जमिनीत काय, तूर दोन्हीकडे पिकते. हिवाळ्यात फुलांनी आणि शेंगांनी लगडलेले झाड अचानक माना टाकते. खोडावर जमिनीपासून वर चढत गेलेला जांभळट-काळा पट्टा दिसतो आणि खोड उभे चिरले तर आत काळ्या रेषा आढळतात. पाणी असूनही झाड तहानेने मरते, कारण पाणी वाहून नेणाऱ्या नलिकाच बुरशीने व्यापलेल्या असतात. हा 'मर' रोग. तो घडविणाऱ्या बुरशीचे शास्त्रीय नाव 'फ्युजेरियम उडम बटलर' असे आहे. त्या नावाच्या शेवटी ज्यांचे आडनाव आले, ते सर एडविन जॉन बटलर हे भारतीय वनस्पतिरोगशास्त्राचे जनक मानले जातात.

बटलर यांचा जन्म १८७४ साली आयर्लंडमधील किलकी या समुद्रकाठच्या गावी झाला. त्यापूर्वी सुमारे तीस वर्षे, १८४५ पासून, त्या देशाने बटाट्यावरील करप्यामुळे भीषण दुष्काळ अनुभवला होता. सुमारे दहा लाख माणसे त्यात दगावली आणि जवळपास तेवढ्याच लोकांनी देश सोडला. अमेरिका खंडातील रानटी बटाट्यांमध्ये युगानुयुगे नांदणारी एक बुरशी, एकाच वाणाच्या बटाट्यावर विसंबलेल्या देशात पोहोचली, तेव्हा काय घडते याचा तो धडा होता.

बटलर यांनी कॉर्क येथे वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि १८९८ साली पदवी मिळविली. मात्र माणसांची नाडी पाहण्यापेक्षा पाण्यातील सूक्ष्म बुरशींनी त्यांना अधिक वेड लावले. युरोपातील प्रयोगशाळांत अभ्यास करून १९०१ साली ते हिंदुस्थान सरकारचे बुरशीतज्ज्ञ म्हणून कलकत्त्यास आले. १९०५ साली बिहारमधील पुसा येथे कृषी संशोधन संस्था उभी राहिली, तेव्हा बुरशीशास्त्राचा विभाग त्यांच्याकडे सोपविण्यात आला. रोगट पाने, खोडे आणि कणसे यांचा संग्रह त्यांनी तेथे उभारला. त्यात शेतातील पिकांबरोबरच रानातील गवते, झुडपे आणि वृक्ष यांवरील बुरशींनाही स्थान मिळाले. पिकाचा रोग समजून घ्यायचा तर बांधापलीकडचे रानही पाहिले पाहिजे, ही दृष्टी त्यामागे होती.

गव्हावरील तांबेऱ्याच्या बाबतीत ही दृष्टी विशेष उपयोगी पडली. हा तांबेरा आपल्या जीवनक्रमाचा एक टप्पा दारुहळदीच्या जातीच्या रानटी झुडपांवर पुरा करतो, असे युरोपात सिद्ध झाले होते. हिंदुस्थानच्या मैदानांत तर ही झुडपे नव्हतीच. ती होती हिमालय-निलगिरीसारख्या थंड डोंगरांवर. तरीही तांबेरा दरसाल येत असे. बटलर आणि हेमन यांनी १९०६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा पेच स्पष्टपणे मांडला. त्याची उकल पुढे आग्र्याचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनी केली. मैदानातील कडक उन्हाळ्यात तांबेरा नष्ट होतो, डोंगरांवरील गव्हावर तो तग धरतो आणि वाऱ्याबरोबर पुन्हा खाली उतरतो, असे त्यांनी दाखविले.

तुरीच्या मर रोगावर बटलर यांनी १९०६ आणि १९१० साली प्रबंध लिहिले. मेलेल्या तुरीच्या मुळांवर निओकॉस्मोस्पोरा नावाची आणखी एक बुरशी सापडत असे. अमेरिकेतील नामवंत शास्त्रज्ञ अर्विन स्मिथ यांनी कापूस व अन्य पिकांच्या मर रोगाशी तिचा संबंध जोडला होता. बटलर यांनी मात्र दोन्ही बुरशी वेगळ्या वाढवून निरोगी झाडांवर तपासल्या. निओकॉस्मोस्पोरा ही केवळ मेलेल्या मुळांवर जगणारी ठरली आणि खरा अपराधी फ्युजेरियम असल्याचे निश्चित झाले. ही बुरशी शेतात राहिलेल्या धसकटांवर वर्षानुवर्षे जगते आणि बारीक मुळांवाटे झाडात शिरते. म्हणूनच तुरीवर तूर घेतली की रोग वाढतो आणि ज्वारीच्या सोबतीने किंवा फेरपालटाने घेतली की तो कमी होतो.

मात्र या कामातील सर्वांत दूरगामी निरीक्षण मेलेल्या झाडांविषयी नव्हते. रोगट शेतातही काही झाडे टवटवीत उभी राहतात. त्यांचे बी राखून पुन्हा त्याच जमिनीत पेरावे आणि पिढ्यान्‌पिढ्या निवड करीत जावे, या मार्गाकडे बटलर यांनी १९०८ मध्येच लक्ष वेधले. निसर्ग रानात जे संथपणे करतो, तेच शेतात जाणीवपूर्वक करण्याचा हा प्रयत्न होता. रानटी वनस्पतींमध्ये प्रत्येक झाड थोडे निराळे असते, त्यामुळे रोग सर्वांना एकदम गिळू शकत नाही. रोगजंतूही बदलतो आणि वनस्पतीही बदलते. ऑस्ट्रेलियातील रानटी जवस आणि त्यावरील तांबेरा यांच्या प्रदीर्घ अभ्यासातून पुढे हेच दिसून आले. एकरूप पिकाच्या शेतात मात्र ही ढाल नसते.

बटलर यांचे 'फंगाय अँड डिसीज इन प्लांट्स' हे पुस्तक १९१८ साली प्रसिद्ध झाले आणि त्यावर विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडल्या. पुसा येथे त्यांच्या विभागात घडलेले जहांगीर फर्दुनजी दस्तूर पुढे नागपूरला मध्य प्रांताचे बुरशीतज्ज्ञ झाले. तेव्हा वऱ्हाड, आणि अर्थातच बुलडाणा, त्याच प्रांताशी जोडलेला होता. बटलर १९२० मध्ये इंग्लंडमधील क्यू येथे नव्या बुरशीशास्त्र संस्थेचे पहिले संचालक झाले. १९२६ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचे सदस्यत्व व १९३९ मध्ये 'सर' हा किताब मिळाला. बिस्बी यांच्यासह त्यांनी केलेली भारतातील बुरशींची सूची १९३१ मध्ये प्रसिद्ध झाली. १९४३ च्या एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले.

मर रोग मात्र संपला नाही. मुद्दाम रोगट राखलेल्या जमिनीत निवड करण्याच्या पद्धतीतून 'मारुती', 'आशा' आणि बदनापूर केंद्राचे 'बीएसएमआर ७३६' असे प्रतिकारक्षम वाण पुढे आले. पण या बुरशीचेही निरनिराळे प्रकार आहेत आणि एका भागात टिकणारा वाण दुसऱ्या भागात बळी पडू शकतो. पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेने तुरीचे तेरा हजारांहून अधिक नमुने जपले आहेत, ते याचसाठी. तुरीच्या रानटी भावकीतील झुडपे आणि वेलीही भारताच्या डोंगररानांत आहेत. ती गुरांच्या चराईत, वणव्यात किंवा नांगराखाली नाहीशी झाली, तर रोगाशी झुंजण्याची शिदोरीच संपेल. बटलर यांनी शंभर वर्षांपूर्वी रोगट पानांबरोबर रानही का गोळा केले, याचे उत्तर येथे मिळते.