भीमावरमचे डॉ. सुब्बाराव

विजयवाडा विभागात नोकरी केलेल्या आपल्यापैकी बहुतेकांना भीमावरम माहीत आहे. गुडिवाड्याकडून नरसापूरला जाताना लागणारे जंक्शन, दोन्ही बाजूंना भातखाचरे आणि कोळंबीची तळी, संक्रांतीला कोंबड्यांच्या झुंजी पाहायला लोटणारी गर्दी. या गावाची आणखी एक ओळख मात्र आपल्या लोकांत फारशी कुणाला नसते. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाला प्रथमच मागे रेटणारे औषध ज्यांच्या प्रयोगशाळेतून आले, आणि गरोदर बाईला डॉक्टर लिहून देतात ते फॉलिक ॲसिड ज्यांच्या देखरेखीखाली प्रथम कृत्रिमरीत्या तयार झाले, ते डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव १२ जानेवारी १८९५ रोजी या भीमावरमला जन्मले. आपले तेलुगू सहकारी त्यांचे नाव अभिमानाने घेतात. आपण त्यांच्या मुलखात राहून मीठभाकरी खातो, तेव्हा आपल्यालाही हा माणूस ठाऊक असावा, म्हणून हा लेखनप्रपंच. मी डॉक्टर नाही, रुळांवरचा माणूस आहे. वाचून जे समजले ते माझ्या भाषेत सांगतो.

घरची परिस्थिती बेताची. वडील महसूल खात्यात होते, पण आजारपणामुळे त्यांची नोकरी लवकर सुटली. सुब्बारावांचे लक्ष काही अभ्यासात नव्हते. लहानपणी ते घरातून पळून काशीला निघाले होते, यात्रेकरूंना केळी विकून पैसे मिळवायचे असा बेत होता, अशी गोष्ट त्यांच्याबद्दल सांगतात. वाटेतून त्यांना परत आणले. मॅट्रिकला ते दोनदा नापास झाले आणि तिसऱ्या खेपेस मद्रासच्या हिंदू हायस्कुलातून पास झाले. पुढे प्रेसिडेन्सी कॉलेजात असताना रामकृष्ण मिशनमध्ये जाऊन संन्यास घ्यावा असे त्यांच्या मनात आले होते. आईचा त्याला विरोध होता. शेवटी रुग्णांची सेवा करता येईल म्हणून ते मद्रास मेडिकल कॉलेजात दाखल झाले.

तेथे गांधीजींच्या चळवळीचे वारे लागले. सुब्बाराव खादी वापरू लागले, शस्त्रक्रियेच्या वर्गात अंगरखाही खादीचाच. शस्त्रक्रियेचे इंग्रज प्राध्यापक ब्रॅडफिल्ड यांना हे रुचले नाही. लेखी परीक्षा चांगली देऊनही सुब्बारावांना एम.बी.बी.एस. ही पूर्ण पदवी मिळाली नाही, एल.एम.एस. या खालच्या प्रमाणपत्रावर समाधान मानावे लागले. आम्हा डिप्लोमावाल्यांना याचा अर्थ कुणी समजावून सांगायला नको. काम तेच, हातही तेच, पण कागदावरची अक्षरे दुसरी असली की पायरी बदलते. सरकारी वैद्यकीय सेवेत शिरकाव झाला नाही, म्हणून ते मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात शरीरशास्त्र शिकवू लागले.

याच सुमारास घरावर मोठा आघात झाला. स्प्रू नावाचा आतड्यांचा एक रोग आहे. त्यात अन्न अंगी लागत नाही, रक्त आटत जाते आणि माणूस खंगतो. या रोगाने त्यांचे भाऊ गेले. स्वतः सुब्बारावांनाही तो झाला. आयुर्वेदाचार्य डॉ. आचंट लक्ष्मीपती यांच्या उपचाराने ते वाचले. उष्ण प्रदेशातल्या रोगांवर संशोधन करायचे या विचाराने त्यांना पछाडले ते तेव्हापासून. सासऱ्यांनी पैशाची मदत केली आणि १९२३ च्या ऑक्टोबरात ते अमेरिकेत बोस्टनला पोहोचले. पत्नी शेषगिरी मागे राहिल्या. काही वर्षांत परत येतो असे सांगून गेलेले सुब्बाराव पुन्हा मायदेशी आलेच नाहीत. त्यांना एक मुलगा झाला होता. तो वर्षाचा होण्याआधीच जंतुसंसर्गाने गेला. ज्या काळात अँटिबायोटिक नव्हते त्या काळात घरोघरी हे घडत असे. तरीही पुढे या माणसाने कोणते काम केले हे पाहिले की ही एवढीशी नोंद मला ओलांडून जाता येत नाही.

हार्वर्डमध्ये उष्ण प्रदेशीय रोगांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, पण शिष्यवृत्ती नव्हती आणि मद्रासच्या कागदावर तेथे डॉक्टरकी करता येत नव्हती. मग दिवसा शिकायचे आणि रात्री रुग्णालयात आजाऱ्यांची मलमूत्राची भांडी साफ करायची, असे त्यांनी दिवस काढले. नंतर ते सायरस फिस्क यांच्या हाताखाली जीवरसायन विभागात रुजू झाले. रक्तात किंवा लघवीत फॉस्फरस किती आहे हे निळ्या रंगाच्या गडदपणावरून मोजण्याची पद्धत या दोघांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध केली. फिस्क-सुब्बाराव पद्धत म्हणून ती जगभरच्या प्रयोगशाळांत गेली. १९२७ मध्ये त्यांनी स्नायूंमधले फॉस्फोक्रिएटिन शोधले आणि १९२९ मध्ये ए.टी.पी. हे संयुग वेगळे केले. त्याच सुमारास जर्मनीत लोमान यांनीही ते शोधले. आपण हात उचलतो, श्वास घेतो, त्या प्रत्येक हालचालीला लागणारे इंधन म्हणजे हे ए.टी.पी. १९३० मध्ये सुब्बारावांना पीएच.डी. मिळाली, पण हार्वर्डने त्यांना कायम काही केले नाही. पुढे १९८८ चे नोबेल मिळालेले जॉर्ज हिचिंग्ज हे त्या विभागात सुब्बारावांबरोबर होते. त्यांनी नंतर स्पष्टच सांगितले, की सुब्बारावांनी वेगळी केलेली काही द्रव्ये इतरांना पुन्हा शोधावी लागली, कारण फिस्कने, बहुधा मत्सरापोटी, ते काम उजेडात येऊ दिले नाही.

१९४० मध्ये त्यांनी विद्यापीठ सोडले आणि न्यूयॉर्क राज्यात पर्ल रिव्हर येथील लेडर्ली या औषध कंपनीत गेले. थोड्याच काळात ते तेथे संशोधनाचे प्रमुख झाले. माझ्या मते त्यांचे खरे आयुष्य येथे सुरू होते.

आता फॉलिक ॲसिडची गोष्ट. तिची सुरुवात आपल्या मुंबईत आहे. १९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईला आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायकांना एक घातक रक्तक्षय होत असे, त्याचा त्या अभ्यास करीत होत्या. मार्माइट नावाचा यीस्टचा स्वस्त अर्क दिला की या बायका बऱ्या होतात असे त्यांना दिसले आणि १९३१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. अर्कातला नेमका कोणता पदार्थ हे काम करतो ते मात्र कुणाला माहीत नव्हते. १९४१ मध्ये अमेरिकेत चार टन पालक गाळून त्यातून एक द्रव्य मिळवले गेले. पानातून मिळाले म्हणून पानाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड म्हणू लागले. पण दर वेळी चार टन पालक कोण गाळणार? सुब्बारावांच्या हाताखालच्या रसायनशास्त्रज्ञांनी १९४५ मध्ये ते प्रयोगशाळेत बनवून दाखवले. आता ते हवे तेवढे तयार करता येऊ लागले. ज्या स्प्रूने सुब्बारावांच्या घरातली माणसे नेली, त्या स्प्रूवरही ते गुणकारी ठरले. पंचवीस वर्षांचा हिशेब असा चुकता झाला.

खरे नाट्य यापुढे आहे. बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात सिडनी फार्बर हे विकृतिशास्त्रज्ञ होते. रक्ताचा कर्करोग, म्हणजे ल्युकेमिया, झालेली मुले त्यांच्याकडे येत. त्या वेळी या रोगावर काहीही उपाय नव्हता. रक्त चढवायचे आणि आईवडिलांना धीर द्यायचा, एवढेच डॉक्टरच्या हाती. निदान झाल्यापासून काही आठवड्यांत किंवा फार तर महिन्यांत मूल जात असे. फार्बर यांनी लेडर्लीकडून आलेली फॉलिक ॲसिडची संयुगे अशा मुलांना देऊन पाहिली. रक्तक्षयाला जे चालते ते येथेही चालेल ही आशा. झाले उलटे. रोग आणखी भडकला.

दुसरा एखादा तेथेच थांबला असता. फार्बर यांनी त्यातून उलटा अर्थ काढला. हे द्रव्य मिळाल्यावर कर्करोगाच्या पेशी फोफावत असतील, तर ते त्यांच्या तोंडून काढून घेतले पाहिजे. पेशी दुभंगून तिच्या दोन व्हायच्या तर आधी नवा डी.एन.ए. बनावा लागतो आणि त्याला फॉलिक ॲसिड लागते. ल्युकेमियाच्या पेशी बेफाम दुभंगत असतात, म्हणून त्यांची भूक सगळ्यात मोठी. सुब्बारावांच्या लोकांकडे फॉलिक ॲसिडची जुळवाजुळव हातात बसलेली होती. त्यांनी रेणूत किंचित फेरफार करून त्याच्यासारखीच दिसणारी खोटी द्रव्ये बनवली. कुलपाला जवळजवळ तशीच किल्ली लावावी, ती आत जावी, पण फिरू नये आणि बाहेरही निघू नये, मग खऱ्या किल्लीला जागाच उरत नाही. तसा हा प्रकार. अशा द्रव्यांपैकी ॲमिनोप्टेरिन हे सर्वांत प्रभावी निघाले.

१९४७ च्या डिसेंबरअखेर फार्बर यांनी ते द्यायला सुरुवात केली. मरणाच्या दारातली मुले काही दिवसांत उठून बसली, जेवू लागली, सुजलेली प्लीहा ओसरली. ३ जून १९४८ च्या न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये त्यांनी अहवाल छापला. १६ मुलांना औषध दिले, त्यांतल्या १० जणांना गुण आला. गुण तात्पुरता होता हेही त्यांनी लपवले नाही. रोग पुन्हा उलटला आणि मुले गेली. पण औषधाने हा रोग मागे हटतो हे जगाने प्रथमच पाहिले. पुष्कळ डॉक्टरांना तेव्हा हे पटले नव्हते. मरणाऱ्या मुलांना सुखाने मरू द्यावे, त्यांच्यावर विषारी प्रयोग कशाला, असा त्यांचा रोख होता. त्यांना दोष देता येत नाही. पोटच्या पोराला आणखी चार महिने मिळाले तर ते घ्यावेत की नाही, हे आईबापांखेरीज कुणी ठरवावे?

ॲमिनोप्टेरिनचाच जवळचा भाऊ मेथोट्रेक्सेट. हेही लेडर्लीतलेच, आणि शरीराला काहीसे कमी जाचक. इतर औषधांच्या जोडीने ते मुलांच्या ल्युकेमियात आजही वापरतात. पुढे अनेकांनी अनेक औषधे एकत्र देण्याच्या पद्धती बसवल्या. आता उत्तम सोयी असलेल्या देशांत लहान मुलांतल्या या रोगाच्या मुख्य प्रकारात दहापैकी नऊ मुले बरी होतात. आपल्याकडे निदान उशिरा होणे आणि उपचार अर्ध्यावर सुटणे यामुळे आकडा खाली येतो.

हे सगळे सुब्बारावांना पाहायला मिळाले नाही. त्याच काळात त्यांच्या प्रयोगशाळेतून हत्तीरोगावरचे हेट्राझान बाहेर पडले होते. आपल्या सरकारच्या हत्तीरोग निर्मूलन मोहिमेत घरोघरी डी.ई.सी.च्या गोळ्या देतात, त्या त्याच. सत्तरी ओलांडलेल्या डगर नावाच्या निवृत्त वनस्पतिशास्त्रज्ञाला त्यांनी मातीचे नमुने तपासायला बसवले होते. त्यातून टेट्रासायक्लिन कुळातले पहिले अँटिबायोटिक, ऑरिओमायसिन, १९४८ मध्ये जाहीर झाले. आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये एका रात्री झोपेतच सुब्बारावांचे हृदय बंद पडले. वय अवघे ५३. फार्बर यांचा अहवाल छापून दोन-सव्वादोन महिने झाले होते. इकडे शेषगिरींची वाट पाहणे पंचवीस वर्षांनी संपले.

फॉलिक ॲसिडचे सर्वांत मोठे काम तर त्यांच्या पश्चात उघड झाले. गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांच्या आत बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी मिटावी लागते. ती मिटली नाही तर मूल उघड्या कण्याचे किंवा कवटीच अपुरी असलेले जन्मते. बहुतेक बायकांना आपण गरोदर आहोत हे कळायच्या आतच ही वेळ निघून जाते. आईला फॉलिक ॲसिड कमी पडणे याच्या मुळाशी असावे अशी शंका १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये पुढे आली. ती तपासण्यासाठी सात देशांतल्या ३३ केंद्रांत, आधी असे मूल झालेल्या स्त्रियांवर चाचणी झाली. तिचा निष्कर्ष १९९१ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. गोळी घेणाऱ्यांत हा दोष ७२ टक्क्यांनी घटला. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी वेळेआधीच थांबवली. म्हणून मूल हवे असे ठरले की तेव्हापासूनच गोळी सुरू करावी, असे डॉक्टर सांगतात. आपल्या बिऱ्हाडांत नवी लग्ने झालेल्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे. त्याच कारणाने मेथोट्रेक्सेट गरोदर स्त्रीला देत नाहीत. एकाच प्रयोगशाळेतून निघालेल्या या जोडीपैकी एक औषध पोटातल्या बाळाला घडवते, तर दुसरे त्याला मोडू शकते.

१९९५ मध्ये जन्मशताब्दीला भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. त्याआधी १९५३ मध्ये लेडर्लीतल्या एका सहकाऱ्याने नव्याने सापडलेल्या एका बुरशीला त्यांचे नाव दिले, सुब्बारोमायसिस स्प्लेंडेन्स.