माणूस स्वतःशीच लढतो तेव्हा…

साहित्याच्या अभ्यासक्रमात संघर्षाचे प्रकार शिकवले जातात. माणसाचा माणसाशी, माणसाचा समाजाशी, माणसाचा नियतीशी आणि माणसाचा स्वतःशी. परीक्षेपुरती ही यादी पाठ होते आणि विसरलीही जाते. परंतु मराठी रंगभूमीवर असा एक नाटककार होऊन गेला की, त्याची चार पूर्ण नाटके क्रमाने वाचली तर ही यादी आपोआप उलगडत जाते. त्याच्या स्वतःच्या अवघ्या ३३ वर्षांच्या आयुष्यातही या सगळ्या संघर्षांची सावली दिसते. हा नाटककार म्हणजे राम गणेश गडकरी.

गडकरी यांचा जन्म २६ मे १८८५ रोजी गुजरातेतील नवसारी परिसरात झाला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले आणि कुटुंबाची आर्थिक घडी विस्कटली. पुढे शिक्षणासाठी ते पुण्यास आले, फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले, पण पदवीपर्यंत काही पोहोचले नाहीत. पुस्तकी यशाने पाठ फिरवली, तरी नाटकाने मात्र त्यांना हाताशी धरले. किर्लोस्कर नाटक मंडळीत मुलांना शिकवण्याचे काम त्यांना मिळाले. तालीम, पडदा, प्रेक्षकांची दाद आणि नटांची लहर, हे सारे त्यांनी तेथे अगदी जवळून पाहिले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांना त्यांनी गुरू मानले होते. कोल्हटकरांची कल्पकता आणि कोटीबाजी शिष्याने आत्मसात केली. पण गुरूच्या नाटकांत फारसा नसलेला भावनेचा कल्लोळ त्यांनी स्वतःच्या बळावर त्यात ओतला.

एकाच माणसात तीन लेखक नांदत होते. ‘गोविंदाग्रज’ या नावाने त्यांनी कविता लिहिली, ‘बाळकराम’ या नावाने विनोदी लेखन केले आणि स्वतःच्या नावाने नाटके. कवीचे दुःख, विनोदकाराची नजर आणि नाटककाराची पकड त्यांच्या प्रत्येक नाटकात एकत्र येते. म्हणूनच त्यांच्या शोकनाट्यातही प्रेक्षक खळखळून हसतो आणि दुसऱ्याच क्षणी गप्प होतो.

समाजाशी आणि दुष्टाशी

‘प्रेमसंन्यास’ हे त्यांचे पहिले नाटक. बालविधवा लीला आणि तिच्यावर प्रेम करणारा, पण आधीच विवाहबद्ध असलेला जयंत यांच्यामध्ये उभी राहते ती रूढी. नाटकात कमलाकर हा खलपुरुष आहे. तथापि खरा प्रतिस्पर्धी तो नव्हे. विधवेला जगण्याचा दुसरा हक्क नाकारणारा समाज हाच येथे प्रतिपक्ष आहे. विधवाविवाहाचा प्रश्न त्या काळी केवळ सभांतील चर्चेचा नव्हता, तो घराघरातला होता. गडकरींनी या प्रश्नाला सोयीस्कर सुखान्त दिला नाही. समाजाशी झुंजणारी माणसे त्यांनी हरू दिली आणि विसरभोळ्या गोकुळच्या विनोदाने त्या पराभवाची धार कमी न करता उलट अधिक जाणवू दिली.

त्यानंतर आलेले ‘पुण्यप्रभाव’ मात्र व्यक्तीविरुद्ध व्यक्ती या सरळ चौकटीत बसते. एका बाजूस सत्प्रवृत्त वसुंधरा, दुसऱ्या बाजूस सूडाने आणि वासनेने पेटलेला वृंदावन. बळाने जिंकू पाहणाऱ्याला चारित्र्याचे तेज नमवते, हा नाटकाचा विश्वास आहे. आजच्या वाचकाला हा विश्वास भाबडा वाटू शकेल. सत् आणि असत् यांची वाटणी इतकी स्वच्छ असली की निकाल आधीच ठरल्यासारखा भासतो. गडकरींनाही ही मर्यादा जाणवली असावी, असे मानण्यास जागा आहे. कारण पुढच्या नाटकात त्यांनी शत्रूला बाहेरून उचलले आणि नायकाच्या अंतःकरणात नेऊन बसवले.

पेल्याच्या आत काय आहे?

‘एकच प्याला’ हे दारूबंदीचे नाटक म्हणून ओळखले जाते. ही ओळख चुकीची नसली तरी अपुरी आहे. सुधाकर हा तेजस्वी वकील. न्यायालयात मुन्सफाशी त्याचा खटका उडतो, काही महिन्यांसाठी त्याची सनद जाते आणि तो अपमान त्याला जिव्हारी लागतो. त्याचा कारकून तळीराम नेमक्या त्याच क्षणी पेला पुढे करतो. तळीराम पेला देतो हे खरे, पण हात पुढे होतो तो सुधाकरचा. त्याला हरवते ती आधी त्याची मानी वृत्ती आणि मग दारू.

नाटकाचे सर्वांत मर्मभेदी वळण पुढे आहे. सुधाकर एकदा खरोखरच दारू सोडतो. कामासाठी जुन्या परिचितांचे उंबरठे झिजवतो. पण सगळीकडून झिडकारला जातो आणि पुन्हा पेल्याकडे वळतो. म्हणजे जो आतला लढा त्याने जवळजवळ जिंकलेला असतो, तो बाहेरच्या जगाच्या कठोरपणामुळे त्याच्या हातून निसटतो. संघर्षाचे प्रकार पाठ्यपुस्तकात वेगवेगळ्या रकान्यांत मांडले जातात. प्रत्यक्षात ते एकमेकांत कसे मिसळलेले असतात, याचे याहून नेमके उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल.

या नाटकात आणखी एक आतला लढा आहे आणि त्याकडे सहसा लक्ष जात नाही. सुधाकरचा मित्र रामलाल हा विवेकी, सुशिक्षित गृहस्थ. ज्या तरुण विधवा शरदला तो मुलीप्रमाणे मानतो, तिच्याविषयीच आपल्या मनात मोह उत्पन्न झाल्याचे त्याला उमगते. तो वेळीच सावरतो. एकाच नाटकात दोन मित्र स्वतःशी झगडतात. एक सावरतो, दुसरा बुडतो. मोह व्यसनाचाच असतो असे नाही आणि तो केवळ दुबळ्यांनाच होतो असेही नाही, हे या जोडीतून कळते.

सिंधूचे काय? माहेरची मदत नाकारून, दळणकांडण करून ती संसार रेटते. दारूच्या धुंदीत सुधाकरच्या हातून मूल दगावते, ती स्वतः मरणाच्या दारी पोहोचते आणि तरीही पोलिसांपुढे त्याला वाचवू पाहते. या पतिव्रतेपुढे एके काळी प्रेक्षागृह रडत असे. आज अनेकांना तिच्या सोसण्याचा संताप येतो. तिच्या मनात लढाच का उभा राहत नाही, हा प्रश्न रास्त आहे. सुधाकरला अंतर्द्वंद्व देणाऱ्या लेखकाने सिंधूला मात्र आदर्शाच्या चौथऱ्यावर उभे केले, ही त्याच्या काळाची मर्यादा होती आणि त्याचीही.

काळाशी शर्यत

हे लिहीत असताना गडकरींचा स्वतःचा लढा देहाशी सुरू होता. वैवाहिक सुख लाभले नव्हते, प्रकृती ढासळत होती. अखेरच्या दिवसांत ते नागपूरजवळच्या सावनेर येथे होते. ‘भावबंधन’ हे नाटक त्यांनी तेथे मृत्यूच्या अगदी उंबरठ्यावर पूर्ण केले. २३ जानेवारी १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग गंधर्व नाटक मंडळीने फेब्रुवारी १९१९ मध्ये बडोद्यास केला. बालगंधर्वांची सिंधू महाराष्ट्राने डोक्यावर घेतली, पण ती पाहण्यास नाटककार उरला नव्हता. त्या नाटकाची पदेही विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी लिहिली.

‘भावबंधन’ त्याच वर्षी बळवंत संगीत मंडळीने रंगमंचावर आणले. त्यातील घनश्याम अपमानाचा सूड घेण्यासाठी कारस्थाने रचतो. तो खलनायक आहे खरा, पण त्याला शेवटी पश्चात्ताप होतो. वृंदावन ते घनश्याम या वाटेवर सुधाकर भेटून गेला होता, हे येथे ध्यानात येते. गडकरींचा खलपुरुषही आता स्वतःशी बोलू लागला होता.

‘राजसंन्यास’ अपुरेच राहिले. संभाजीराजांच्या त्यातील चित्रणावर आक्षेप घेत जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकरींचा पुतळा काढून नदीत टाकण्यात आला. लेखकाच्या मृत्यूला ९८ वर्षे होत आली असताना त्याच्या अपुऱ्या नाटकावरून असा वाद पेटावा, हे साहित्याच्या सामर्थ्याचे लक्षण मानावे की आपल्या असहिष्णुतेचे, याचा विचार ज्याचा त्याने करावा. नाटकातील विधानाचा प्रतिवाद करण्याचा मार्ग मात्र नेहमीच खुला होता आणि आहे.

ठाण्यातील रंगायतनाला गडकरींचे नाव आहे. तेथे नाटकाला जाणाऱ्या कितीजणांनी त्यांचे एखादे नाटक वाचले असेल, हे सांगणे कठीण. भाषा अलंकारांनी जड आहे, स्वगते लांबलचक आहेत, हे मान्य. तरीही सनद गेल्यानंतरच्या सुधाकरचा प्रवेश शांतपणे वाचून पाहावा. नोकरी गेलेला, अपमान गिळता न आलेला, घरी येऊन कोणाशीही न बोलणारा माणूस आपल्या इमारतीत, कदाचित आपल्या घरातही असतो. त्याचा शत्रू कोण, हे ओळखायला गडकरी आजही मदत करतात.