विश्लेषण : म्युस्ली हा मुळात सफरचंदाचा पदार्थ! कोण होते डॉ. बिर्शर-बेनर?

म्युस्लीच्या पाकिटाची मागची बाजू कधी वाचली आहे का? घटकांच्या यादीत वजनाने जे सर्वात जास्त, त्याचं नाव आधी छापावं लागतं. बहुतेक पाकिटांवर तिथे ओट्स किंवा दुसरं धान्य असतं. फळं बरीच खाली, तीही सुकवलेली. ज्या स्विस डॉक्टरने हा पदार्थ लोकप्रिय केला, त्यांच्या वाडग्यात मात्र प्रमाण अगदी उलट होतं.

मॅक्सिमिलियन बिर्शर-बेनर यांचा जन्म 1867 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या आराऊ गावचा. 1891 मध्ये त्यांनी झुरिचच्या कामगार वस्तीत दवाखाना थाटला. पोटाच्या विकाराने खंगलेली एक रुग्ण कोणत्याच औषधाला दाद देत नव्हती. कच्ची फळं देऊन पाहा, असं एका शाकाहारी परिचिताने सुचवलं. आधी त्यांना ते पटलं नाही, पण उपाय उरला नव्हता. ती बरी होऊ लागली आणि डॉक्टरांचा मार्गच बदलला.

वाडग्यात काय होतं?

एक मोठं किंवा दोन लहान सफरचंदं, सालीसकट आणि गाभ्यासकट किसलेली. त्यात ओट्स फक्त एक चमचा, तेही रात्रभर पाण्यात भिजवलेले. वर अर्ध्या लिंबाचा रस, चमचाभर कंडेन्स्ड मिल्क आणि चमचाभर बदाम किंवा हेझलनटची पूड. आल्प्सच्या डोंगरात गुराख्याकडे असाच पदार्थ खाल्ला होता, असं ते सांगत. कंडेन्स्ड मिल्क कशाला? त्या काळी कच्च्या दुधातून क्षयरोगाची भीती होती.

सफरचंद थेट लिंबू-दुधाच्या मिश्रणात किसायचं, लगेच ढवळायचं आणि लगेच खायचं, हा त्यांचा आग्रह. त्यामागे साधं रसायनशास्त्र आहे. किसल्यावर फळातलं एन्झाइम हवेतल्या ऑक्सिजनच्या संपर्कात येतं आणि कीस तपकिरी पडतो. लिंबाच्या आंबटपणामुळे ही क्रिया मंदावते. वेगळं प्रिझर्व्हेटिव्ह लागत नाही. हा पदार्थ फक्त नाश्त्याचाही नव्हता, तो जेवणाच्या सुरुवातीला दिला जाई.

मग डॉक्टर मंडळी का बिथरली?

1900 मध्ये त्यांनी झुरिचच्या डॉक्टरांच्या सभेत आपलं म्हणणं मांडलं. मांस आणि शिजवलेलं अन्न हेच पौष्टिक मानणाऱ्या सभेने त्यांना विज्ञानाबाहेर काढलं. खरं सांगायचं तर त्यांचा सिद्धांत चुकीचाच होता. कच्च्या वनस्पतीत सूर्याची ऊर्जा साठते, शिजवलं की तिचा दर्जा घसरतो, असं ते म्हणत आणि त्यासाठी थर्मोडायनॅमिक्सच्या दुसऱ्या नियमाचा आधार घेत. इंजिनिअरिंगला हा विषय घासून पास झालेल्यांना हे वाचून गंमत वाटेल. पण ताटात फळं, भाज्या आणि तंतुमय पदार्थ वाढवण्याचा सल्ला टिकला. व्हिटॅमिन हा शब्दच मुळी 1912 मध्ये आला. तोवर ताज्या फळात नेमकं काय असतं, हे त्यांच्या विरोधकांनाही ठाऊक नव्हतं.

1904 मध्ये झुरिचबर्ग टेकडीवर त्यांनी आरोग्यधाम उभारलं. पहाटे उठणं, फिरणं, बागकाम, रात्री लवकर दिवे बंद. दारू, तंबाखू, कॉफी बंद. 1909 मध्ये कादंबरीकार थॉमस मान तिथे राहून गेले आणि त्या शिस्तीने वैतागले. तरी श्रीमंत पाहुणे येतच राहिले. 1939 मध्ये डॉक्टरांचं निधन झालं.

पुढे काय झालं?

किसलेलं सफरचंद पाकिटात टिकत नाही, कोरडे ओट्स महिनोन्‌महिने टिकतात. कारखान्याने जे टिकतं ते ठेवलं आणि चवीसाठी अनेकदा साखर किंवा मध घातला. डॉक्टरांच्या कंडेन्स्ड मिल्कमध्येही साखर होतीच, पण वाडग्यात चमचाभर.

घरी करायचं तर कंडेन्स्ड मिल्कऐवजी उकळून गार केलेलं दूध किंवा ताजं दही चालतं. बदामाऐवजी शेंगदाण्याचं कूट घेता येईल. सफरचंद नीट धुवा, बिया काढा. लहान मुलांना सुकामेवा अख्खा न देता पूड करूनच द्या. आणि डब्यात भरू नका. मुलं शाळेतून घरी आली की किसा.